भूक येते आणि जाते

गेल्या मे महिन्यांत पोलादपूरचें आत्याचें घर शाकारण्यासाठीं आम्ही तिकडे गेलों, तेव्हां औषधाची डबी मुंबईच्या घरीं टेबलावरच राहिली. पोलादपूर म्हणजे कांहीं अरण्य नव्हे. मुंबई-गोवा रस्ता गांवाला लागूनच जातो, महाबळेश्वराकडे चढणारी आंबेनळी घाटाची वाट येथूनच फुटते. आम्हांस हवी असलेली गोळी गांवांतल्या दुकानांतही मिळाली असती. परंतु मनुष्याला कधीं कधीं उगीचच स्वतःची परीक्षा पाहण्याची खुमखुमी येते. आम्लपित्तावरची ती गोळी आम्ही चार वर्षें रोज सकाळीं उपाशीपोटीं घेत आलों होतों. म्हटलें, गांवची हवा आहे, सावित्री नदीचा कांठ आहे, आत्याच्या हातची नाचणीची भाकरी आहे. आतां गोळीचें काम काय? डबी विसरल्याचा आम्हांस पश्चात्ताप तर झाला नाहींच, उलट थोडा अभिमानच वाटला.

हा अभिमान तीन दिवस टिकला. चौथ्या रात्रीं दोनच्या सुमारास आम्ही ओटीवरच्या बाजेवर उठून बसलों, ते उजाडेपर्यंत बसूनच होतों. बरगड्यांच्या खालून घशापर्यंत कोणीं मिरचीच्या पाण्याची रेघ ओढावी तशी जळजळ चालली होती. ज्या दुखण्यासाठीं चार वर्षांपूर्वीं गोळी सुरू झाली, तें दुखणें यापुढें कांहींच नव्हतें. आत्या जागी झाली. तिचें वय ब्याऐंशी, आणि झोंप मांजराची. तिनें गार दुधाचा पेला पुढें केला. "घे, निवेल." घेतांच खरोखरच निवलें, आणि पाऊण तासानें पहिल्यापेक्षां अधिक पेटलें.

सकाळपर्यंत आमचा निष्कर्ष निघाला होता. दुखणें मुळाशीं तसेंच आहे, किंबहुना वाढलें आहे. गोळीनें तें केवळ झांकून ठेविलें होतें. तेव्हां ही गोळी आतां जन्माची सोबतीण. तर्कशास्त्र शिकविणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनींही या अनुमानास मान्यता दिली असती. त्यांत दोष एवढाच होता कीं तें खोटें होतें.

महाडास आमचे एक जुने विद्यार्थी दवाखाना चालवितात. अकरावी-बारावीला ते आमच्याकडे इंग्रजी शिकले, त्यामुळें त्यांच्यापुढें जीभ बाहेर काढून बसतांना थोडा संकोच वाटतो. त्यांनीं सर्व हकीकत ऐकून घेतली आणि विचारलें, "सर, गोळी मुळांत किती दिवसांसाठीं लिहून दिली होती?"

"चार आठवडे," आम्हांस सांगावें लागलें.

"आणि आपण घेतली चार वर्षें! पेपर लिहिण्यापूर्वीं सूचना नीट वाचा, असें आपणच आम्हांला दर वेळीं बजावत होतात."

एवढा सूड घेऊन झाल्यावर मात्र त्यांनीं एका कागदाच्या पाठीवर जठराचें चित्र काढलें आणि अर्धा तास जें सांगितलें, त्यानें पन्नाशी उलटल्यावर आमची एक बालपणापासूनची समजूत मोडली. जठर म्हणजे एक पिशवी, अशी ती समजूत होती. वरून अन्न पडतें, आंत आम्ल असतें, घुसळण होते, आणि तो लगदा खालीं जातो. पिशवीला कांहीं कळावें लागत नाहीं. शाळेच्या पुस्तकांतलें गुलाबी रंगाचें चित्रही तसेंच होतें. आम्ही जठराग्नि म्हणतों, जेवणाआधीं जेवणास यज्ञकर्म म्हणणारा समर्थांच्या नांवावरचा श्लोक म्हणतों, आणि ज्या घळींत समर्थांनीं दासबोध सांगितला असें मानतात ती शिवथरघळही याच महाड तालुक्यांत आहे. पण अग्नि म्हटला तरी तो पुन्हां मुका तो मुकाच. त्या अग्नीला चव कळते, वेळ कळते आणि 'पुरे' म्हणतां येतें, हें आम्हांस कोणीं सांगितलें नव्हतें.

जठराच्या आंतील अस्तरांत बहुतेक पेशी कामकरी वर्गाच्या. कोणी आम्ल गाळतात, कोणी पाचक द्रव्य देतात, कोणी बुळबुळीत लेप धरून त्या आम्लापासून भिंतीचें रक्षण करितात. त्यांच्यामध्यें शंभरांत फार तर एकदोन अशा विखुरलेल्या पेशी असतात, कीं ज्या पोटांत कांहींच ओतीत नाहींत. त्यांचा स्राव रक्तांत जातो. हायडेनहाइन नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १८७० सालीं क्रोमियमच्या क्षारानें पिवळ्या पडणाऱ्या अशा कांहीं पेशी पाहिल्या होत्या, पण त्या तेथें कशासाठीं आहेत हें कळण्यास पुढें कित्येक दशकें लागलीं. त्यांच्यांतल्या कांहींचें टोंक जठराच्या पोकळींत डोकावतें. तेथें आलेल्या पदार्थाची जणूं ती जिभेप्रमाणें चव घेतें. कांहीं मात्र पूर्ण बंदिस्त असतात. त्यांचें पोकळीशीं नातें नाहीं. त्या केवळ रक्तांतून आणि मज्जातंतूंतून येणाऱ्या वार्तांवर चालतात.

हा कारभार डॉक्टरांनीं आम्हांस शास्त्रीय भाषेंत समजाविला, पण घरीं येईपर्यंत आमच्या डोक्यांत त्याची पंगत झाली होती, ती पंगतच वाचकांपुढें मांडतों. जठराच्या खालच्या, आंतड्याकडील भागांत जी-पेशी बसतात. हे पंक्तीचे यजमान. अन्न आलें, पोट ताणलें गेलें, विशेषतः डाळ, दूध, मासे यांतील प्रथिनांचे तुकडे लागले कीं यजमान हांक देतो; या हांकेचें नांव गॅस्ट्रिन. जठराच्या वरच्या भागांत, मुदपाकखान्याच्या दाराशीं, दुसऱ्या जातीच्या पेशी पोरग्यांसारख्या उभ्या असतात. त्या हांक ऐकून आचाऱ्याच्या कानाशीं हिस्टामीन नांवाचा निरोप सोडतात, आणि आचारी, म्हणजे आम्ल करणाऱ्या पेशी, वाढूं लागतात. आतां आग्रहाची पंगत कोठें थांबावयाची हें सांगण्यास घरांतला एखादा वडीलधारा लागतो. त्या डी-पेशी. आम्ल पुरेसें तीव्र झालें कीं त्यांना तें कळतें, आणि त्या सोमॅटोस्टॅटिन सोडून यजमानाचें तोंड बंद करितात. असें प्रत्येक जेवणाला चालतें, आणि दिवसाकाठीं दीडदोन लिटर जठररस तयार होतो, तरी आपणांस त्याचा पत्ता नसतो.

आत्याचें दूध प्रथम निववून मग कां पेटवीत होतें, याचा उलगडा येथेंच झाला. दूध आम्लाला क्षणभर सौम्य करितें. पण त्यांतील प्रथिनें आणि चुना यांचा वास लागतांच यजमान पुन्हां ओरडूं लागतो. हें आत्यास सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "मग पाऊण तास झोंपायचं होतंस." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

या सर्व व्यवस्थेंतील आम्हांस सर्वांत गमतीची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. यजमान आणि पोरगे एकाच जठरांत, वीतभरही अंतर नाहीं. तरी हांक सरळ जात नाहीं. गॅस्ट्रिन रक्तांत पडतें, यकृतांतून जातें, हृदयांत येतें, फुफ्फुसांत जाऊन पुन्हां हृदयांत येतें, आणि मग साऱ्या देहांत फिरणाऱ्या रक्ताबरोबर पुन्हां जठराच्या दारीं पोंचतें. शेजारच्या घरीं मीठ मागावयाचें, आणि पत्र मुंबईस टाकावयाचें! देह इतका द्राविडी प्राणायाम कां करितो, हें विचारण्याऐवजीं शास्त्रज्ञांनीं बराच काळ असें कांहीं होत असेल हेंच मानलें नव्हतें. पचनाचें सर्व काम मज्जातंतूंच्या हुकुमानें चालतें, असें रशियांतील पावलोव्ह यांचें मत होतें, आणि पचनक्रियेवरील संशोधनासाठीं त्यांना १९०४ सालीं नोबेल पारितोषिकही मिळालें. परंतु लंडनमध्यें बेलिस आणि स्टार्लिंग यांनीं १९०२ सालींच, आंतड्याच्या एका भागाचे सर्व मज्जातंतु तोडूनही, तेथें आम्ल घातल्यावर स्वादुपिंड पाझरतें, हें दाखविलें होतें. निरोप रक्तांतूनच गेला असला पाहिजे. अशा निरोप्या द्रव्याला नांव हवें होतें. चेतविणें या अर्थाच्या ग्रीक धातूवरून स्टार्लिंगनें १९०५ सालच्या व्याख्यानांत 'हार्मोन' हा शब्द योजिला. मराठींत आपण संप्रेरक म्हणतों, आणि तें भाषांतर मूळापेक्षां वाईट उतरलेलें नाहीं.

त्याच १९०५ सालीं जॉन एडकिन्स यांनीं जठराच्या खालच्या भागाच्या अस्तराचा अर्क काढून तो रक्तांत टोंचला, आम्ल वाढलेलें पाहिलें, आणि त्यांतील द्रव्यास गॅस्ट्रिन म्हटलें. शोध अचूक होता. परंतु पुढें हिस्टामीनही आम्ल वाढवितें आणि तें देहांत जागोजाग सांपडतें असें दिसून आल्यावर, एडकिन्सचें गॅस्ट्रिन म्हणजे अर्कांत मिसळलेलें हिस्टामीनच, असें म्हणून विद्वानांनीं तें बाजूस सारलें. एडकिन्स १९४० सालीं वारले. डुकराच्या जठरांतून शुद्ध गॅस्ट्रिन काढून त्याची रचना निश्चित झाली ती १९६४ सालीं, लिव्हरपूल येथें, ग्रेगरी आणि ट्रेसी यांच्या हातून. गॅस्ट्रिन खरें होतें, आणि तें हिस्टामीनकडूनच काम करून घेतें हेंही खरें. दोन्ही पक्षांच्या हातांत एकाच दोरीचीं दोन टोंकें होतीं. आमच्या वाङ्मयीन वादांतही असें पुष्कळदां घडतें, पण तेथें १९६४ साल उगवत नाहीं.

आतां आमच्या गोळीकडे वळूं. ही गोळी आचाऱ्याचाच हात धरते. आम्ल करणाऱ्या पेशींतील आम्लाचा पंप ती बंद पाडते. आम्ल उतरतें, घाव भरून येतात. या जातीच्या गोळ्या १९८८ च्या सुमारास बाजारांत आल्यापासून जठराच्या व्रणांवरच्या किती शस्त्रक्रिया टळल्या असतील याचा हिशेब नाहीं. परंतु यजमानाला कुलूप कोणीं लावलें हें कळत नाहीं. पानांत कांहीं पडत नाहीं, म्हणून 'पुरे' म्हणणारा वडीलधारा गप्प. यजमान अधिकच ओरडतो. रक्तांतील गॅस्ट्रिन चढतें. आणि सततच्या त्या हांकेनें दारावरचे पोरगेही लठ्ठ होतात, संख्येनें वाढतात. गोळी चालू आहे तोंवर हा गोंधळ बंद दाराबाहेरचा. गोळी एकदम सोडली कीं कांहीं दिवसांत पंप सुरू होतात, पण जमलेला जमाव पांगण्यास आठवडे लागतात. त्या मधल्या काळांत पूर्वीं कधीं नव्हतें इतकें आम्ल होतें.

म्हणजे ती चौथी रात्र जुन्या दुखण्याची नव्हती. ती गोळीनें मागें ठेवलेली होती. डॉक्टरांनीं आम्हांस डेन्मार्कमधील एक प्रयोग सांगितला, तो आम्हीं नंतर शोधून वाचला. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत ज्यांना आम्लपित्ताचा कोणताही त्रास नव्हता अशा १२० निरोगी माणसांपैकीं निम्म्यांना आठ आठवडे ही गोळी व नंतर चार आठवडे खोटी गोळी दिली. उरलेल्यांना बाराही आठवडे खोटीच. शेवटच्या चार आठवड्यांत दुसऱ्या गटांत शेंकडा १५ जणांना जळजळ वगैरे झाली, पहिल्यांत शेंकडा ४४ जणांना. निरोगी माणसांना औषधानें तें दुखणें दिलें, ज्यावर तें औषध देतात! आणि असा मनुष्य काय करील? आम्ही करणार होतों तेंच. पुन्हां गोळी सुरू करील आणि म्हणेल, पाहा, हिच्यावांचून माझें चालत नाहीं.

येथें कोणी वाचक उठून आपली डबी खिडकींतून बाहेर टाकील, तर त्यांनीं कृपा करून तसें करूं नये. ज्यांच्या जठरांत व्रण होऊन रक्त गेलें आहे, जे हृदयासाठीं किंवा सांध्यांसाठीं व्रण करणारीं औषधें घेतात, ज्यांची अन्ननलिका आम्लानें भाजली आहे, त्यांना ती गोळी खरोखरच जीवदान आहे, आणि तिची मुदत त्यांच्या डॉक्टरांनीं ठरवावयाची आहे. शिवाय कित्येकांच्या जठरांत व्रण करणारे जंतु ठाण मांडून असतात. ऑस्ट्रेलियांतील बॅरी मार्शल यांनीं १९८४ सालीं ते जंतु स्वतः पिऊन आपलें म्हणणें खरें करून दाखविलें, आणि पुढें २००५ सालीं रॉबिन वॉरेन यांच्याबरोबर नोबेल मिळविलें. हे जंतु त्या बिचाऱ्या डी-पेशींनाच दुबळें करितात, म्हणजे पंक्तींतल्या वडीलधाऱ्याचीच वाचा बसवितात. आमचीही तपासणी झाली. जंतु निघाले नाहींत. मग गोळी एकदम न सोडतां प्रथम दिवसाआड, पुढें दोन दिवसांआड, असा उतरता क्रम डॉक्टरांनीं लिहून दिला. या वेळीं सूचना आम्हीं तीनदां वाचल्या.

घरीं आलों तों शाकारणीची गडबड चालली होती. कौलें उतरवितां उतरवितां एका वाशाच्या फटींतून तांबडा विंचू निघाला, आणि गड्यानें त्याला वहाणेनें चिरडून शांतपणें म्हटलें, "पूर्वीं या दिवसांत माणसं जायचीं याच्यापायीं." तें खरें आहे, आणि आता पुष्कळसें खरें राहिलेलें नाहीं याचें श्रेय महाडास आहे. १९७६ सालीं डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यांत आले, आणि विंचू चावलेलीं धडधाकट माणसें घामानें डबडबून, ओकून, हातपाय गार पडून, छातींत पाणी भरून मरतांना पाहून त्यांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून एकेका लक्षणाची नोंद ठेविली. १९८२ सालीं ती निरीक्षणें लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रांत छापून आलीं. विंचवाचें विष मज्जातंतूंना चेतवून अॅड्रिनॅलिनसारखीं द्रव्यें रक्तांत पुरासारखीं सोडतें. मारतो तो हा पूर. त्यांनीं रक्तदाबावरची प्राझोसिन नांवाची साधी गोळी देऊन त्या पुराचा परिणाम अडविला, आणि कोंकणांतलें मरणाचें प्रमाण झपाट्यानें खालीं आलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. सावित्रीचें पाणी चढलें म्हणजे काय होतें हें महाडकरांस निराळें सांगावयास नको. देहांतल्या या रसांचेंही तसेंच आहे. थेंबाथेंबानें वाहिले तर निरोप, एकदम लोटले तर प्रळय.

या प्रकरणानें आम्हांस वाचनाची चटक लागली. दुपारीं गडी जेवून पडले कीं आम्ही मोबाइलवर जठराविषयीं वाचीत बसत असूं. त्यांत त्या बंदिस्त पेशींचें एक प्रकरण निघालें. जठराच्या वरच्या भागांत अशा पेशींची एक जात आहे, कीं जिच्या पोटांत काय आहे हें कोणासच माहीत नव्हतें. १९९९ सालीं जपानमधील कोजिमा, कांगावा आणि त्यांचे सहकारी मेंदूतील एका कुलपाची किल्ली शोधीत होते. वाढीचें संप्रेरक सोडविणारें तें कुलूप. मेंदूंत शोधून किल्ली मिळेना. ती मिळाली उंदराच्या जठरांत. तिला त्यांनीं घ्रेलिन हें नांव दिलें, वाढणें या अर्थाच्या जुन्या आर्य भाषेंतील धातूवरून. आणि थोड्याच दिवसांत कळलें कीं ही किल्ली वाढीपेक्षां भुकेचें दार अधिक सफाईनें उघडते. पोटाचें जें दुसरें सारें बोलणें आहे तें बहुधा 'पुरे' म्हणण्याचें. 'आण' म्हणणारें रक्तांतलें ठळक असें हें एकच.

२००१ सालीं अमेरिकेंत कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं माणसांचें रक्त दिवसभर थोड्या थोड्या वेळानें काढून पाहिलें, तों प्रत्येक जेवणाच्या आधीं घ्रेलिन चढतें आणि जेवल्यावर उतरतें असें दिसलें. येथपर्यंत नवल नाहीं. पोट रिकामें झालें म्हणून चढलें असेल. परंतु व्हिएन्ना येथें २००५ सालीं कांहीं निरोगी माणसांना ३३ तास उपाशी ठेवून त्यांचें रक्त तपासलें, तेव्हां निराळेंच दिसलें. उपाशी आहेत म्हणून घ्रेलिन चढतच गेलें असें नाहीं. नेहमींच्या जेवणाच्या वेळेस तें चढलें, आणि अन्नाचा कण पोटांत गेला नसतांही आपोआप उतरलें. पुढच्या जेवणाच्या वेळेस पुन्हां चढलें, पुन्हां उतरलें. पोट रिकामें आहे कीं भरलें आहे याहून, आतां किती वाजले याकडेच त्या पेशींचें लक्ष होतें. आम्हांस मध्यल्या सुट्टीची घंटा होण्यापूर्वीं पांच मिनिटें, वर्गांत शेक्सपिअर कितीही रंगला असला तरी, पोटांत कावळे कां ओरडतात, हें आम्हीं विद्यार्थ्यांच्या तोंडावरून बघून वेळ ओळखण्याच्या संवयीला जमेस धरलें होतें. तें आमच्याच जठराचें वेळापत्रक होतें. अर्थात् सगळी भूक या एका द्रव्यांत नाहीं. ज्या उंदरांत घ्रेलिन मुळांतच नाहीं असे उंदीर बनवून पाहिले, ते जवळजवळ इतरांसारखेच खातात. एवढें कबूल करूनही व्हिएन्नाचा तो आलेख आमच्या डोळ्यांपुढून हालेना.

शाकारणी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशीं एकादशी होती. आत्याची एकादशी म्हणजे 'दुप्पट खाशी'तली नव्हे. साबुदाणा नाहीं, वरीचे तांदूळ नाहींत, दाण्याची आमटी नाहीं; दिवसभर पाणी, आणि संध्याकाळीं वाटलेंच तर एक केळें. तें पाहून आम्ही रागावलों. नवें ज्ञान झालेला मनुष्य घरांतल्यांस फार त्रास देतो.

"आत्ये, या वयांत हें बरें नव्हे. चक्कर येईल. डॉक्टरांना विचारलेंस का?"

"मला काय होतंय? भूक येते, आणि जाते."

"जाते म्हणजे?"

"बाराला येते. दारांत उभी राहते. कोणी या म्हटलं नाहीं कीं निघून जाते. मग दिवेलागणीला परत एकदां."

आम्ही थक्क झालों. हाच तो आलेख, अक्षरशः! आम्हीं तिला व्हिएन्नाची सर्व गोष्ट सांगितली. सुया, नळ्या, तेहेतीस तास. ती ओटीवर बसून आंब्याच्या कोयी उन्हांत पसरीत होती. म्हणाली, "रक्त कशाला काढायचं? मला विचारायचं."

"पण तुला हें कधीं कळलें? लहानपणापासून एकादशी करतेस म्हणून?"

"नाहीं. संपाच्या वर्षीं."

वडिलांच्या सारख्या बदल्या होत, म्हणून आमचीं शाळेचीं तीनचार वर्षें आत्याकडे गेलीं. आत्याचे यजमान गिरणगांवांत होते; या मुलखांतल्या पुष्कळ घरांचा खर्च तेव्हां मुंबईच्या मनीऑर्डरीवर चाले. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. मनीऑर्डर प्रथम आटली आणि मग थांबली. आमच्या वडिलांकडून आमच्यापुरते पैसे येत. त्यांत आत्या, तिचीं दोन मुलें आणि आम्ही असें चौघांचें भागत नसे. हें सर्व आम्हांस आज कळतें. त्या वेळीं आम्हांस दिसत होतें तें एवढेंच, कीं आत्या फार देवभोळी झाली आहे. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शिवाय संकष्टी आणि एकादशी. आम्हां तिघांचीं पानें मांडून ती म्हणे, "माझा आज उपास आहे." आम्ही भाकरी संपवीत असूं. इंग्रजी शाळेच्या वाऱ्यानें आमच्या मनांत तिच्या देवांविषयीं थोडा उपहासही असे, आणि एकदां तो आम्हीं बोलूनही दाखविला होता.

"इतके उपास?" आम्हीं आतां विचारलें.

"आठवड्याला देव कमी पडत नव्हते," ती म्हणाली, आणि कोयी उलटूं लागली.

घ्रेलिनविषयीं आम्हीं वाचलेली आणखी एक गोष्ट आहे. कमिंग्ज यांनींच २००२ सालीं, सहा महिने कमी खाऊन ज्यांचें वजन शेंकडा १७ नें घटलें अशा माणसांचें रक्त तपासलें. त्यांचें घ्रेलिन दिवसभराच्या हिशेबानें शेंकडा २४ नें वाढलेलें होतें. हीं लठ्ठ, पोटभर अन्न हाताशीं असलेलीं अमेरिकन माणसें. एका दिवसाच्या उपासांत भूक येते आणि जाते हें खरें. पण महिनेच्या महिने पोट तुटूं लागलें, देह आटूं लागला, कीं ती आलेली पुरती परत जात नाहीं. दाराबाहेर ओटीवरच बसून राहते. त्या वर्षींच्या फोटोंत आत्याच्या हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत चढलेल्या दिसतात. हें वाचन आम्हीं तिला सांगितलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं द्वादशी. पारण्यासाठीं ती पहांटे उठली, आणि सात वाजण्याच्या आंत भात, कुळथाचें पिठलें आणि सोलकढी तयार होती. गोळीच्या दिवसाआडच्या क्रमांतला तो मोकळा दिवस होता, आणि जळजळ रात्रीं थोडी येऊन गेली होती.

"तूं किती वाजतां जेवतोस?" तिनें विचारलें.

"साडेबाराला."

"मग मी आतां जेवून घेतें. तुझी भूक यायला वेळ आहे."

ती चुलीपाशीं पाट मांडून जेवायला बसली. आम्ही उंबऱ्याशीं बसलों होतों. साडेबारा वाजायला साडेपांच तास होते, आणि आम्हांस कडकडून भूक लागली होती. तिनें मान वर करून पाहिलें आणि कांहीं न बोलतां दुसरें ताट घेतलें.